टॉरेंटची फाइल तपासणीत नापास होते तेव्हा: बिघाड नेमका कुठे आहे ते शोधण्याची रीत

‘हॅश चेक फेल्ड’, ‘पीस इज करप्ट’, ‘मिसिंग फाइल्स’ असं काही टॉरेंट क्लायंटमध्ये, म्हणजे इतरांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्याने फाइली उतरवणाऱ्या प्रोग्राममध्ये, दिसलं की बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो: सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून डाउनलोड करायचं. कधी कधी त्याने काम होतंही. पण बिघाड रॅममध्ये किंवा डिस्कच्या केबलमध्ये असेल, तर दुसऱ्या खेपेलाही तेच होणार, आणि तोवर पहिल्या खेपेचा पुरावा तुम्ही स्वतःच पुसलेला असणार. शिवाय साठ जीबीच्या डाउनलोडमध्ये खराब असतो तो बहुधा चार-आठ एमबीचा तुकडा. तेवढ्यासाठी साठ जीबी फेकून द्यायचं कारण नाही.

मेनूतली नावं मी क्यूबिटटॉरेंट आणि ट्रान्समिशन या दोन क्लायंटमधली देतो आहे. डेल्यूज किंवा म्यूटॉरेंट वापरत असाल तर शब्द थोडे वेगळे असतील, रीत तीच. सगळा शोध एकाच प्रश्नाभोवती फिरतो: डेटा बदलला कुठे? पाठवणाऱ्याकडे, वाटेत, तुमच्या संगणकाच्या मेमरीत, डिस्कवर, की सगळं नीट उतरल्यावर दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामने फाइलला हात लावल्यामुळे? यातल्या प्रत्येक ठिकाणची खूण वेगळी असते आणि ती ओळखता येते.

तपासणी कशी होते, हे आधी

हा भाग वगळू नका, कारण पुढचे निम्मे उलगडे यातूनच होतात.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली आणलेल्या मूळ बिटटॉरेंट पद्धतीत टॉरेंटमधल्या सगळ्या फाइली एकापुढे एक ठेवून त्यांचा एकच लांबलचक प्रवाह मानला जातो. त्याचे समान आकाराचे तुकडे, म्हणजे पीस, पाडले जातात. आकार टॉरेंट बनवणारा ठरवतो. २५६ केबीपासून १६ एमबीपर्यंतचे तुकडे नेहमी दिसतात. प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा एसएचए-१ हॅश, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून काढलेला ठसा, टॉरेंट फाइलमध्ये नोंदवलेला असतो. तुमचा क्लायंट तुकडा पूर्ण झाला की स्वतः त्याचा हॅश काढतो आणि नोंदीशी ताडून पाहतो. जुळला तर ठेवतो, नाही जुळला तर अख्खा तुकडा टाकून देऊन पुन्हा मागवतो.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, आठ एमबीच्या तुकड्यात एक बिट जरी उलटला तरी आठच्या आठ एमबी बाद. दुसरी, तुकड्याची हद्द आणि फाइलची हद्द यांचा एकमेकींशी संबंध नसतो. एकाच तुकड्यात एका फाइलचं शेपूट, मधली दोन केबीची टेक्स्ट फाइल आणि पुढच्या फाइलचं तोंड, असं सगळं असू शकतं. तिसरी, तुकडा मागवला जातो तो १६ केबीच्या ब्लॉकांमध्ये, आणि हे ब्लॉक वेगवेगळ्या पीअरकडून, म्हणजे तेच टॉरेंट चालवणाऱ्या इतरांच्या संगणकांकडून, येतात. म्हणून तुकडा नापास झाला तरी गुन्हेगार कोण, हे क्लायंटला लगेच कळत नाही.

बिटटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत हे बरंच सुधारलं आहे. तिथे एसएचए-२५६ वापरतात, प्रत्येक फाइलचं हॅशचं झाड वेगळं असतं आणि ते १६ केबीच्या ब्लॉकपर्यंत खाली जातं. त्यामुळे नेमका खराब ब्लॉक सापडतो आणि शेजारच्या फाइलवर बालंट येत नाही. लिबटॉरेंट या लायब्ररीच्या २.० आवृत्तीत, २०२० साली, ही सोय आली. पण फिरणारे बहुसंख्य टॉरेंट अजून जुन्याच पद्धतीचे किंवा दोन्हींचं मिश्रण असलेले आहेत.

२०१७ साली गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने एकच एसएचए-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवून दाखवल्या. तेव्हापासून ‘एसएचए-१ चुकतो, म्हणून एरर येते’ असं एक मत अधूनमधून कानावर येतं. ते उलटं आहे. तो प्रयोग खोटी फाइल खरी म्हणून खपवण्याबद्दलचा होता. चांगला तुकडा नापास करणं हॅशला जमत नाही. नापास झाला म्हणजे बाइट बदललेले आहेत, एवढं धरून चाला.

आधी थांबवा, पाहा, टिपून ठेवा

टॉरेंट पॉज करा (क्यूबिटटॉरेंटच्या नव्या आवृत्त्यांत याला ‘स्टॉप’ म्हणतात). पुढच्या गोष्टी कागदावर किंवा कुठेही लिहून घ्या, कारण रीचेक, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची पुन्हा तपासणी, केल्यावर यातलं काही पुसलं जातं.

एरर कधी आली? डाउनलोड चालू असताना, संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर, फाइली दुसऱ्या डिस्कवर हलवल्यावर, की पूर्ण झालेलं टॉरेंट कित्येक दिवस सीड करत, म्हणजे इतरांना पाठवत, असताना? नुसत्या या उत्तराने अर्धी शक्यता बाद होते.

मग आकडे. क्यूबिटटॉरेंटमध्ये खालच्या जनरल टॅबवर ‘डाउनलोडेड’ आणि ‘वेस्टेड’ असे दोन आकडे असतात. टॉरेंट ४ जीबीचं आणि डाउनलोड झालंय साडेपाच जीबी, तरी टक्केवारी ९९.६ वर अडकलेली, असं असेल तर तोच तुकडा पुन्हा पुन्हा येऊन पुन्हा पुन्हा फेकला जातो आहे. मात्र ‘वेस्टेड’मध्ये काही एमबी दिसले म्हणून घाबरू नका. डाउनलोडच्या शेवटी एकच ब्लॉक अनेकांकडे मागितला जातो आणि जास्तीच्या प्रती टाकून दिल्या जातात, त्याही इथेच मोजल्या जातात.

शेवटी लॉग. क्यूबिटटॉरेंटच्या व्ह्यू मेनूमधून लॉग चालू करता येतो. एखाद्या पीअरवर बंदी घातल्याची, डिस्कवर लिहिता न आल्याची किंवा फाइल न सापडल्याची नोंद तिथे मिळते. लॉग न वाचता इंटरनेटवर उपाय शोधत बसणारे लोक मला कधीच कळलेले नाहीत.

पाथ बरोबर आहे ना?

हे कंटाळवाणं आहे, पण ‘करप्ट’ म्हणून आलेल्या तक्रारींमधल्या कितीतरी प्रत्यक्षात ‘फाइल तिथे नाहीच’ अशा असतात. बाहेरची डिस्क जोडलेली नसते, विंडोजने तिला ई ऐवजी एफ हे अक्षर दिलेलं असतं, लिनक्सवर ती माउंट झालेली, म्हणजे एखाद्या डिरेक्टरीला जोडली गेलेली, नसते. क्यूबिटटॉरेंट अशा वेळी ‘मिसिंग फाइल्स’ म्हणतो. ट्रान्समिशन ‘नो डेटा फाउंड’ असं सांगून डिस्क जोडलेली आहे का ते पाहायला सुचवतो.

या अवस्थेत रीचेक करणं धोक्याचं. क्लायंटला रिकामा फोल्डर दिसतो, तो प्रगती शून्य टक्के ठरवतो आणि टॉरेंट सुरू केलं की पहिल्यापासून डाउनलोड करायला लागतो. लिनक्सवर तर तो बाहेरच्या डिस्कऐवजी तिच्या माउंट पॉइंटच्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे मुख्य डिस्कवरच, लिहीत सुटतो. आधी डिस्क जोडा, टॉरेंटवर राइट क्लिक करून ‘सेट लोकेशन’ने जागा पडताळा, मगच पुढे जा.

नावंही पाहा. अपूर्ण फाइलींना क्यूबिटटॉरेंट ‘.!क्यूबी’ आणि ट्रान्समिशन ‘.पार्ट’ असं शेपूट लावू शकतो. एका क्लायंटची अर्धवट फाइल दुसऱ्यात नेली तर त्याला ती ओळखूच येत नाही. शेपूट काढून मूळ नाव द्या. देवनागरी नावांच्या फाइलींना आणखी एक छुपा त्रास आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एका अक्षरानेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं तोडून दुसऱ्या पद्धतीने साठवते. तिथून फाइल लिनक्सवर नेली की नाव डोळ्यांना तेच दिसतं, पण बाइट वेगळे असतात, आणि क्लायंट म्हणतो फाइल नाही. नाव टॉरेंटमधून कॉपी करून फाइलला पुन्हा दिलं की काम होतं.

रीचेक, पण दोनदा

आता मुख्य चाचणी. फाइलींची प्रत काढून ठेवा, निदान ज्या तुम्हाला मोलाच्या आहेत त्यांची. कारण रीचेकनंतर टॉरेंट चालू झालं की क्लायंट न जुळणारे तुकडे नव्याने आणून जुन्यावर लिहितो. तुम्ही मुद्दाम केलेले बदल त्यात गेले तर परत येणार नाहीत.

क्यूबिटटॉरेंटमध्ये राइट क्लिक करून ‘फोर्स रीचेक’, ट्रान्समिशनमध्ये ‘व्हेरिफाय लोकल डेटा’. तपासणी संपली की टॉरेंट पॉजवरच ठेवा. टक्केवारी आणि कोणत्या फाइली अपूर्ण दिसतात ते लिहा. मग संगणक रीस्टार्ट करा आणि पुन्हा एकदा रीचेक करा.

रीस्टार्ट का? कारण फाइल नुकतीच वाचलेली असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या वेळी ती डिस्कवरून न वाचता मेमरीतल्या कॅशमधूनच देते. मग दोन वेळा तपासल्याचं समाधान मिळतं, पण डिस्क एकदाच तपासलेली असते.

दोन्ही वेळा टक्केवारी तीच आणि अपूर्ण फाइली त्याच, असं आलं तर डिस्कवर लिहिलेला डेटा खरोखर चुकीचा आहे, पण वाचन स्थिर आहे. दोन्ही वेळा निकाल वेगळा आला, म्हणजे एकदा ९८.१ आणि एकदा ९८.७, तर प्रश्न टॉरेंटचा नाहीच. कोणी हात न लावलेली फाइल दोन वेळा वेगवेगळी वाचली जाते याचा अर्थ रॅम, केबल, डिस्क किंवा तिचा कंट्रोलर यांपैकी काहीतरी खोटं बोलतंय. असा निकाल आला तर नेटवर्क, पीअर, ट्रॅकर (पीअरची यादी देणारा सर्व्हर) यांच्या मागे वेळ घालवू नका. थेट हार्डवेअरच्या भागाकडे जा.

आणि रीचेकनंतर सगळं १०० टक्के आलं तर? मग डेटा ठीक होता, क्लायंटची स्वतःची नोंद बिघडलेली होती. संगणक अचानक बंद पडला की हे होतं: क्लायंट कोणते तुकडे पूर्ण आहेत ते वेगळ्या रिझ्यूम फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि ती फाइल आणि प्रत्यक्ष डेटा यांच्यात तफावत पडते. काम संपलं, टॉरेंट चालू करा.

निकाल स्थिर, पण तुकडे खराब

टॉरेंट चालू करा आणि खराब तुकडे पुन्हा येऊ द्या. बहुतेक वेळा काही मिनिटांत १०० टक्के होतं. त्यानंतर पुन्हा एकदा रीचेक केला आणि निकाल टिकला, तर तूर्त प्रश्न मिटला. वीज जाण्यापूर्वी डिस्कच्या कॅशमधला डेटा उतरला नव्हता, किंवा बाहेरची डिस्क ‘इजेक्ट’ न करता उपटली गेली, अशी साधी कारणं असतात.

काही दिवसांनी तीच फाइल पुन्हा नापास होत असेल तर कोणीतरी तिला लिहितंय. इथे संशयितांची रांग मोठी आहे. गाण्यांचे प्लेअर पहिल्या क्रमांकावर: अल्बमचं चित्र, कलाकाराचं नाव असे टॅग ते एमपी३ फाइलमध्येच लिहितात, आणि कित्येकदा न विचारता. फोटोचे प्रोग्राम चित्र फिरवून सेव्ह करतात. टेक्स्ट एडिटर ओळींच्या शेवटची चिन्हं बदलतात. सबटायटलची फाइल तुम्ही स्वतःच वेळ जुळवण्यासाठी बदललेली असते. आणि वर सांगितल्याप्रमाणे, त्या दोन केबीच्या फाइलमुळे शेजारची मोठी व्हिडिओ फाइलही ९९.९ टक्के दिसू लागते, व्हिडिओला कोणी बोटही लावलेलं नसताना. फाइलची ‘मॉडिफाइड’ तारीख पाहा. डाउनलोड संपल्याच्या तारखेनंतरची असेल तर चोर सापडला. उपाय साधा: सीड करायची प्रत वेगळी, वापरायची वेगळी. किंवा फाइली रीड-ओन्ली करून ठेवा.

अँटीव्हायरस हा दुसरा संशयित. तो एखादी फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या कोंडवाड्यात, नेतो, क्लायंट ती पुन्हा आणतो, तो पुन्हा नेतो. टक्केवारी ९९ वर हेलकावे खाते. क्वारंटाइनची यादी उघडून पाहा. फाइल विश्वासाच्या ठिकाणची असेल, उदाहरणार्थ एखाद्या लिनक्स वितरणाची अधिकृत इमेज, तरच तो फोल्डर तपासणीतून वगळा. खात्री नसेल तर अँटीव्हायरसचं ऐका. विंडोजमधल्या ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ या सोयीमुळेही क्लायंटला डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही.

क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये टॉरेंट उतरवू नका. सिंक करणारा प्रोग्राम जागा वाचवण्यासाठी फाइल फक्त ऑनलाइन ठेवतो, अर्धवट लिहिलेली फाइल वर चढवतो, कधी तिच्यावर कुलूप घालतो. यावर काही बारीक सेटिंग शोधण्यापेक्षा फोल्डर बदलणं सोपं.

फाइल सिस्टिमच्या मर्यादाही पाहून घ्या. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, यापुढे जाऊच शकत नाही. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल नेमकी चार जीबीपाशी मरत असेल तर हेच कारण. तिथे एक्सएफएटी किंवा एनटीएफएस करून घ्या. आणि डिस्क नुकतीच भरली होती का, तेही आठवा.

तोच तुकडा पुन्हा पुन्हा नापास

डाउनलोड चालू असताना एकच तुकडा वारंवार बाद होतो, बाकी सगळं सुरळीत. आधी पीअर पाहा. झुंडीत, म्हणजे एकाच टॉरेंटवरच्या सगळ्या संगणकांत, पूर्ण फाइल असलेला एकच सीडर असेल आणि त्याच्याच डिस्कवर तो तुकडा खराब असेल, तर तुम्ही काहीही केलंत तरी तो खराबच येणार. अनेक क्लायंट सीड करताना तुकडा प्रत्येक वेळी नव्याने पडताळत नाहीत, म्हणून त्या बिचाऱ्याला आपण सडका माल वाटतोय हे ठाऊकही नसतं. ट्रान्समिशन मात्र क्लायंट सुरू झाल्यापासून न तपासलेला तुकडा पाठवण्यापूर्वी तपासतो, आणि न जुळल्यास ‘प्लीज व्हेरिफाय लोकल डेटा’ म्हणून तुकड्याचा क्रमांक देऊन थांबतो. हा संदेश तुम्हाला स्वतःला दिसला असेल तर सीडर तुम्ही आहात आणि बिघाड तुमच्याकडे आहे. तसंच सोडलंत तर समोरचे क्लायंट तुमच्यावर बंदी घालतील.

सीडर अनेक असतील तर क्लायंट आपणहून मार्ग काढतो. लिबटॉरेंटवर चालणारे क्लायंट नापास तुकड्यातल्या प्रत्येक ब्लॉकची खूण लक्षात ठेवतात, तो तुकडा पुन्हा मिळवतात आणि चांगल्या प्रतीशी ताडून नेमका कुणाचा ब्लॉक चुकीचा होता ते ठरवतात. त्याच्यावर बंदी पडते, आणि ती लॉगमध्ये दिसते. मुद्दाम खोटा डेटा पेरणारे पीअरही याच चाळणीत अडकतात. तुम्ही फक्त वाट पाहायची.

वेब सीड हा एक वेगळा प्रकार. काही टॉरेंटमध्ये पीअरबरोबरच साध्या वेब सर्व्हरचा पत्ताही दिलेला असतो. टॉरेंट बनल्यानंतर सर्व्हरवरची फाइल कुणी सुधारून त्याच नावाने ठेवली, की तिथून येणारा प्रत्येक बदललेला तुकडा नापास होणार. क्यूबिटटॉरेंटच्या एचटीटीपी सोर्सेस टॅबमधून तो पत्ता काढून पाहा. त्याने एरर थांबली तर नव्या फाइलचं नवं टॉरेंट शोधा.

सगळ्यात विचित्र प्रकार राउटरचा. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळे क्लायंट वापरणारे पीअर, सगळ्यांकडून आलेला तोच एक तुकडा खराब, आणि तीच फाइल दुसऱ्या इंटरनेट जोडणीवर नीट उतरते. काही जुन्या राउटरमध्ये, विशेषतः डीएमझेड (एका संगणकाला थेट इंटरनेटसमोर ठेवणारी सोय) किंवा गेमसाठीची खास सोय चालू असताना, नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाच्या आत आयपी पत्त्यासारखे दिसणारे चार बाइट सापडले की राउटर ते ‘दुरुस्त’ करून टाकतो. तो पत्ता नसून फाइलमधलाच योगायोगाने जुळलेला मजकूर आहे, हे त्याला कळत नाही. पाकिटाचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, तोही तो नव्याने काढतो, त्यामुळे टीसीपीला, म्हणजे पाकिटं पोचवणाऱ्या यंत्रणेला, बदल कळतच नाही. उपाय तीन: ती सोय बंद करा, राउटरचं फर्मवेअर अद्ययावत करा, आणि क्लायंटच्या बिटटॉरेंट सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन सक्तीचं करा. एन्क्रिप्शनमुळे बाइटांचं रूप दर वेळी बदलतं, म्हणून राउटरला तोच सारखेपणा पुन्हा सापडत नाही.

वाटेतला इतर बिघाड तसा विरळा, पण अशक्य नाही. टीसीपीचा चेकसम फक्त १६ बिटांचा असतो. वाटेल तसं बिघडलेलं पाकीट त्यातून निसटण्याची शक्यता साधारण ६५,५३६ मध्ये एक. नेटवर्क कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तेवढीही राखण उरत नाही. वायफायऐवजी केबल लावून पाहा, व्हीपीएन असेल तर ते बंद करून पाहा, कार्डाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधलं ‘चेकसम ऑफलोड’ तात्पुरतं बंद करून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

हार्डवेअर: रॅम सगळ्यात आधी

वेगवेगळे तुकडे, वेगवेगळ्या टॉरेंटमध्ये, कसलाही क्रम नसताना नापास होत असतील, किंवा दोन रीचेकचे निकाल जुळत नसतील, तर माझा पहिला संशय रॅमवर. लोक डिस्कला आधी धरतात. पण डिस्क प्रत्येक सेक्टरसोबत स्वतःचा दुरुस्ती-कोड ठेवते. वाचता आलं नाही तर ती सहसा सरळ एरर देते, गुपचूप चुकीचे बाइट देत नाही. ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी व्यवस्था) नसलेल्या साध्या रॅमला असली काहीच सोय नाही. आणि टॉरेंट क्लायंटइतका, गीगाबाइटच्या गीगाबाइट मेमरीतून नेऊन प्रत्येक तुकडा पडताळणारा दुसरा प्रोग्राम घरच्या संगणकावर क्वचितच असतो. म्हणून बाकी सगळं ठीक चाललेलं असताना रॅमचा दोष टॉरेंटमध्येच पहिल्यांदा उघडा पडतो.

बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, आणि कुठलंही ओव्हरक्लॉकिंग, बंद करा. रॅम ठरलेल्या मूळ वेगावर आणा आणि रीचेक करा. निम्म्या वेळा गोष्ट इथेच संपते. नाहीतर मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करा आणि निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या; रात्रभर चालू ठेवलं तर उत्तम. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नोस्टिकही आहे, पण तिने ‘ठीक’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मेमटेस्टमध्ये एक एरर आली तरी ती नापास. ‘एकच तर आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पुन्हा चाचणी घ्या, म्हणजे खराब कोणती ते कळेल. स्लॉटही बदलून पाहा. आणि रॅम खराब निघाली तर त्या काळात लिहिलेल्या, कॉपी केलेल्या सगळ्याच फाइलींवर संशय घ्या, फक्त टॉरेंटवर नाही.

रॅम सुटली की डिस्क आणि केबल. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींच्या, लांबलचक तक्त्यातल्या चार ओळी पुरेत. क्रमांक ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय बाकी असलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. १९७ किंवा १९८ चा कच्चा आकडा शून्याहून जास्त असेल तर आधी महत्त्वाचा डेटा दुसरीकडे हलवा. ‘चेकडिस्क’ला ‘आर’ पर्याय देऊन चालवणं त्याच्यानंतर. मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास खरवडणारी ती चाचणी बॅकअपच्या आधी करणं म्हणजे आगीत तेल. चौथी ओळ १९९, सीआरसी एरर. ती बहुधा डिस्कची नसून केबलची तक्रार असते. हा आकडा कधीच मागे येत नाही, म्हणून आज तो किती आहे यापेक्षा केबल बदलल्यावर वाढतो का, ते पाहा. एनव्हीएमई डिस्कमध्ये हा तक्ता वेगळा असतो. तिथे ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ ही ओळ शोधा.

बाहेरच्या डिस्कला हबमधून किंवा लांब केबलने जोडलं असेल तर थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावून पाहा. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड असेल तर खोट्या क्षमतेचा फसवा माल नाही ना, हे तपासा. असा ड्राइव्ह ५१२ जीबी असल्याचं सांगतो, खऱ्या क्षमतेपर्यंत नीट लिहितो, आणि पुढे लिहिलेलं हरवून टाकतो. रीचेकमध्ये याची खूण स्पष्ट असते: सुरुवातीचा भाग ठीक आणि एका मर्यादेनंतर सगळं खराब. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ ही साधनं ड्राइव्ह पूर्ण भरून आणि परत वाचून खरी क्षमता सांगतात.

१०० टक्के झालं, तरी फाइल उघडत नाही

तपासणीचा अर्थ एवढाच, की टॉरेंट बनवणाऱ्याकडे जे बाइट होते तेच तुमच्याकडे आले. त्याच्याकडचीच फाइल बिघडलेली असेल तर तुमच्याकडे ती अगदी बिनचूक बिघडलेली येईल. कॉम्प्रेस केलेली फाइल असेल तर ७-झिपमध्ये ‘टेस्ट’ करून पाहा. भागांमध्ये तोडलेली असेल तर सगळे भाग निवडलेत का ते बघा. टॉरेंटमधल्या काही फाइली वगळल्या असतील तर क्लायंट ‘पूर्ण’ म्हणतो तो निवडलेल्या फाइलींपुरता. फाइलचा आकार पूर्ण दिसतो यावरही जाऊ नका, कारण बरेच क्लायंट जागा आधीच राखून ठेवतात आणि आत नुसती शून्यं असतात.

मूळ प्रकाशकाने एसएचए-२५६ हॅश दिला असेल तर तोच अंतिम पुरावा. उबुंटू, डेबियन, फेडोरा हे सगळे आपल्या इमेजचे हॅश प्रसिद्ध करतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ आणि पुढे फाइलचं नाव, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’, मॅकवर ‘एसएचएसम’ला २५६ चा पर्याय देऊन. येणारा हॅश प्रकाशकाच्या हॅशशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. टॉरेंट १०० टक्के आणि हा हॅश वेगळा, तर टॉरेंटच वेगळ्या आवृत्तीचं आहे किंवा कोणीतरी बदललेलं आहे. पहिली शक्यता जास्त, पण दुसरी नाकारू नका. प्रकाशकाच्या अधिकृत पानावरूनच टॉरेंट पुन्हा घ्या.

याच यंत्रणेचा एक उलटा उपयोग फारसा कोणी करत नाही. एखादी मोठी इमेज तुम्ही ब्राउझरने उतरवली आणि तिचा हॅश जुळला नाही, तर ती टाकू नका. त्याच इमेजचं अधिकृत टॉरेंट पॉज अवस्थेत जोडा, ‘सेव्ह पाथ’ म्हणून ती फाइल असलेला फोल्डर द्या, नाव टॉरेंटमधल्या नावाशी तंतोतंत जुळवा आणि फोर्स रीचेक करा. क्लायंट चांगले तुकडे ओळखून ठेवतो आणि फक्त खराब तेवढे आणतो. डाउनलोड मध्येच तुटून राहिलेली फाइलही अशीच पूर्ण होते. रीचेक थेट शून्यावर आला तर नाव, पाथ किंवा आवृत्ती यांपैकी काहीतरी जुळत नाहीये. टॉरेंट चालू करण्याआधी ते दुरुस्त करा, नाहीतर क्लायंट तुमच्या फाइलवरच नव्याने लिहायला लागेल.